उंबरठा नको आणि फटही नको: दारं, खिडक्या, इन्सुलेशन वापरून काय वाटलं

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी एवढं वाचून निघालं तरी चालेल. सपाट उंबरठ्याचं दार आणि त्याच्या खाली ड्रॉप सील (दार लावलं की खाली उतरणारं रबर), सगळ्या कामातला सगळ्यात वसूल झालेला खर्च हाच. छतावरचं एक्सपीएस (फोमचे इन्सुलेशन बोर्ड) दुसऱ्या नंबरला. डबल काचेच्या केसमेंट (बिजागरीवर दारासारख्या उघडणाऱ्या) खिडक्या चांगल्या आहेत पण विकणारे जे आकडे फेकतात ते अर्धीच गोष्ट सांगतात, त्यावर खाली सविस्तर लिहितो. स्लायडिंग खिडक्या दिसायला मस्त, पण एअरटाइट म्हणून विकू नका राव. आणि ती चंदेरी फॉइल… तिच्यावर बोलायचंच आहे.

गरज काय होती ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठल्या बाजूने लिहिलाय ते कळेल. जुनं घर, आई व्हीलचेअरवर, आणि उन्हाळा असो की थंडी, घर हवं तसं ठेवायला वीज नुसती जळत होती. म्हणजे आईच्या चाकाला काही अडायला नको आणि गार किंवा गरम केलेली हवा बाहेर पळायला नको, दोन्ही एकाच वेळी. आता गंमत अशी की माहिती शोधायला गेलं की दोन वेगळ्या जगातली माणसं भेटतात. एक जण दाराची रुंदी, हँडलची उंची, रॅम्पचा उतार सांगतो, दुसरा यू व्हॅल्यू (किती उष्णता आरपार जाते) आणि एअर लीकेज. दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. आणि दोघांचं भांडण नेमकं दाराच्या खालच्या दोन सेंटीमीटरमध्ये आहे, इथेच घोडं पेंड खातं. हवा-पाणी अडवायचं तर पल्ला टेकायला खाली काहीतरी उंच पाहिजे, आणि चाक जायचं तर खाली काहीच नको.

व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी असतात, मागची मोठी चाकं चढून जातात पण पुढची बारकी चाकं दीड-दोन सेंटीमीटरच्या कडेला पण आडवी होतात आणि खुर्चीतला माणूस पुढे झुकतो. ढकलणाऱ्याला ते एक धक्का वाटतं, बसलेल्याला दर वेळी पोटात गोळा. अमेरिकेच्या एडीए स्टँडर्डमध्ये (अपंगांच्या सोयीचे नियम) उंबरठा जास्तीत जास्त १३ मिमी, आणि पाव इंचाच्या म्हणजे साधारण ६ मिमीच्या वरचा भाग उतरता पाहिजे असं आहे. कागदावर १३ मिमी क्षुल्लक वाटतं, पण वॉकर घेऊन पाय ओढत चालणाऱ्या माणसाला ते पण लागतं, त्यामुळे जमत असेल तर शून्यच करा.

शून्य करायचं तर ड्रॉप सील. ही वस्तू फार कमी लोकांनी बघितलेली असते म्हणून नीट सांगतो. दाराच्या खालच्या कडेत एक खाच करतात, त्यात अॅल्युमिनियमची पट्टी बसते आणि त्या पट्टीच्या पोटात रबराची जीभ लपलेली असते. बिजागरीच्या बाजूला एक छोटी खुंटी बाहेर आलेली दिसते. दार बंद होताना अगदी शेवटच्या टप्प्यात ती खुंटी चौकटीवर दाबली जाते, आतली स्प्रिंगची पट्टी वाकते आणि रबर खाली उतरून लादीला चिकटतं. दार उघडलं की रबर लगेच वर. म्हणजे दार फिरताना जमिनीला काही घासत नाही आणि बंद झालं की फट नाही. पहिल्यांदा खाली बसून बघितलं तेव्हा दार उघडबंद करून सगळ्या घराला दाखवलं मी, इतकं साधं आणि इतकं हुशार काम आहे. ती खुंटी स्क्रूसारखी फिरवता येते, बाहेर काढली की रबर जास्त खाली येतं. बसवणारा माणूस बहुतेक वेळा ती फॅक्टरीतून आली तशीच सोडून जातो, मग एका कोपऱ्यातून वारा येत राहतो आणि लोक म्हणतात ड्रॉप सील काही कामाचं नाही. कागदाची पट्टी दाराखाली ठेवा, दार लावा, ओढा. अडकली पाहिजे पण फाटली नाही पाहिजे. बिजागरीची बाजू, मधे आणि कुलपाची बाजू, तिन्हीकडे बघा, आणि फरशी तिथे सपाट नसेल तर आधी फरशी दुरुस्त करा कारण रबर किती वाकणार त्याला मर्यादा आहे.

बाहेरच्या दाराला एवढ्याने भागत नाही. ड्रॉप सील हवा आणि आवाज छान अडवतं, वाऱ्याने आपटणारा पाऊस नाही अडवत. तिथे दाराच्या बाहेर जाळीचं झाकण असलेली पाण्याची पन्हळ पाहिजे, जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार पाहिजे आणि डोक्यावर छज्जा पाहिजे, हे तीन नसतील तर सपाट उंबरठा करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. जाळीची भोकं पण बारीक घ्या आणि लांबट असतील तर चालायच्या दिशेला आडवी ठेवा, नाहीतर छोटं चाक आणि काठीचं टोक त्यातच जाईल. दुसरा पर्याय जमिनीत बसवायची मॅग्नेटची पट्टी, दार लावलं की पट्टीतलं मॅग्नेट वर उचलून पल्ल्याच्या खाली चिकटतं. ती पाण्याला जास्त चांगली आहे, महागही जास्त, आणि तिच्यात माती-खडे साचले की साफ करावी लागते.

रुंदीच्या बाबतीत एकच सांगतो. दुकानात ९०० मिमीचं दार म्हटलं की ती पल्ल्याची रुंदी असते, खुर्ची जायची मोकळी जागा नाही. दार काटकोनात उघडल्यावर पल्ल्याची जाडीच त्या जागेत उभी राहते, चौकटीची खाच वेगळी, त्यामुळे हातात साधारण ८४०-८५० उरतात. एडीएचा किमान आकडा ८१५ आहे म्हणजे पास, पण खुर्चीची चाकं ढकलणाऱ्याचे कोपर कुठे जातात ते बघा एकदा. भिंत फोडायची नसेल तर ऑफसेट बिजागरी मिळते, ती पल्ल्याला वाटेतून पूर्ण बाजूला नेते आणि दाराच्या जाडीइतकी जागा परत मिळते. आतल्या खोल्यांना आम्ही तेच केलं. स्वस्तात मस्त. फक्त चौकट मजबूत पाहिजे कारण पल्ल्याचं वजन बाहेरच्या बाजूला जातं. आणि हो, कुलपाच्या बाजूला भिंतीशी मोकळी जागा सोडा, दार स्वतःकडे ओढताना खुर्ची बाजूला उभी करावी लागते, तिथे शू रॅक ठेवला की रुंद दाराचा काही उपयोग नाही. हँडल लांब दांडीचं, मुठीने किंवा कोपराने पण खाली दाबता येणारं. गोल मूठ कुणी सुचवली तर त्यालाच ओल्या हाताने, बोटं न वापरता उघडायला सांगा.

आता खिडक्या. इथे आकड्यांचा बाजार आहे. यू व्हॅल्यू म्हणजे एक चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॅट उष्णता जाते, कमी असेल तितकं चांगलं. साधी एक काच साधारण ५.७. दोन साध्या काचा मधे हवा, २.८ च्या आसपास. दोन काचा, एकीवर लो-ई (उष्णता परत फेकणारं पातळ) कोटिंग आणि मधे आर्गॉन गॅस, १.१ च्या आसपास. तीन काचा, दोन कोटिंग, ०.६-०.७. हे सगळे आकडे खरे आहेत. फक्त हे काचेच्या मधोमधचे आहेत! खिडकीला चौकट असते, आणि काचेच्या कडेला दोन काचा लांब ठेवणारी स्पेसर पट्टी असते, त्यांचं कुणी बोलत नाही. आम्हाला ज्यांनी पहिलं कोटेशन दिलं त्यांनी १.१ वर लाल गोल केला होता आणि चौकटीचा सेक्शन दाखवला तर सरळसोट अॅल्युमिनियम, मधे थर्मल ब्रेक नाही. तसल्या चौकटीची यू व्हॅल्यू साडेपाच-सहाच्या घरात जाते. खिडकीचा पाव भाग चौकट धरला तरी हिशोब २.३ वगैरे येतो, कडेचा स्पेसर धरून अजून जास्त. वरून कीर्तन आतून तमाशा. थंडीत अशा चौकटीला आतून पाणी सुटतं आणि मग कोपऱ्यात काळी बुरशी, ते वेगळंच. म्हणून कोटेशनमध्ये पूर्ण खिडकीची यू व्हॅल्यू लिहून मागा. थर्मल ब्रेक म्हणजे आतलं आणि बाहेरचं अॅल्युमिनियम वेगळं करून मधे काच-तंतू घातलेल्या पॉलिअमाइड प्लास्टिकच्या पट्ट्या, सेक्शनचा कापलेला तुकडा हातात घेतला की काळ्या पट्ट्या डोळ्यांना दिसतात. यूपीव्हीसीला हा प्रश्न मुळातच नाही कारण प्लास्टिक उष्णता फार नेत नाही आणि आत हवेचे कप्पे असतात, पण मोठ्या झडपेला आत लोखंडी पट्टी घातली आहे का बघा, नाहीतर झोल येतो. आम्ही शयनगृहात यूपीव्हीसी आणि मोठ्या दाराला थर्मल ब्रेक अॅल्युमिनियम असं केलं.

ऊन जिथे जास्त तिथे यू व्हॅल्यूपेक्षा एसएचजीसी आधी बघा, म्हणजे उन्हातली किती उष्णता काच आत सोडते तो आकडा. साधी काच ०.८ च्या वर असते, चांगली सोलर कंट्रोल काच ०.३ च्या खाली जाते आणि तरी उजेड बऱ्यापैकी येतो. थंड हवामानात उलट, तिथे फुकटचं ऊन आत हवं असतं. आणि कोटिंग कुठल्या पृष्ठावर आहे त्यानेही फरक पडतो. बाहेरून आत मोजत १, २, ३, ४. ऊन अडवायचं तर २ वर, ऊब आत ठेवायची तर ३ वर. आमच्या एका खोलीतल्या काचा उलट्या बसवून गेले होते, पुरवठादाराचं नाव नाही घेत, पण विचारलं तर म्हणे काच ती काच, काय फरक पडतो. तपासायची युक्ती सोपी आहे, रात्री लायटरची ज्योत किंवा मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरका धरा, डबल काचेत चार प्रतिबिंबं दिसतात आणि त्यातलं एक वेगळ्या रंगाचं, किंचित गुलाबी-निळसर दिसतं, कोटिंग तिथे. आत उभे असाल तर तुमच्या जवळचं प्रतिबिंब ४ नंबरचं, पुढचं ३. त्यांना बोलावून हे दाखवलं, मग गप बीडिंग (काच धरणाऱ्या पट्ट्या) काढून युनिटं फिरवून बसवली. काचा सारख्या जाडीच्या होत्या म्हणून जमलं.

तिहेरी काच घ्यावी का असं बरेच जण विचारतात. कडाक्याची थंडी असेल तर नक्की. नाहीतर वजन बघा आधी. काचेचं वजन प्रत्येक मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो, म्हणजे दोन चौरस मीटरच्या दारात सहा-सहाच्या दोन काचा ६० किलो आणि तीन काचा ९० किलो, चौकट वेगळी. नाकापेक्षा मोती जड व्हायला वेळ लागत नाही, बिजागऱ्या उतरतात, पल्ला खाली बसतो, आणि मग ज्या माणसासाठी हे सगळं केलं त्यालाच ते हलत नाही. लिफ्ट अँड स्लाइड दाराचा अनुभव पण असाच आहे. हँडल फिरवलं की पूर्ण पल्ला सीलच्या रबरावरून उचलला जातो आणि मग तो एका बोटाने सरकतो, हे शोरूममध्ये खरंच भारी वाटतं, पण ते हँडल फिरवायला खांद्यातून जोर लागतो. आईने बसून करून बघितलं, अर्ध्यावर सोडलं. मोटरचं घेतलं तर ठीक, नाहीतर घरात कुणी कमजोर हाताचं असेल तर माझ्याकडून नको.

साध्या स्लायडिंगबद्दल थोडक्यात. तिथे झडप सरकली पाहिजे म्हणून सील ब्रशचं असतं, दाबून बसणारं रबर नाही, त्यामुळे केसमेंट किंवा टिल्ट अँड टर्नइतकी हवाबंद ती होत नाही. युरोपच्या ईएन १२२०७ मध्ये हवा गळतीचे १ ते ४ वर्ग आहेत, ४ सगळ्यात चांगला, चांगल्या केसमेंटला ४ मिळतो. स्लायडिंग दाखवत असतील तर त्यांचा वर्ग विचारा आणि चेहरा बघा. टिल्ट अँड टर्न मला स्वतःला फार आवडली, वरून तिरकी उघडून ठेवता येते. पण तिचं हँडल साधारण झडपेच्या मध्यावर असतं आणि खुर्चीतून हात तिथे पोचेलच असं नाही, ऑर्डर देतानाच हँडल खाली घ्यायला सांगा, नंतर होत नाही. आणि कृपा करून मधली आडवी पट्टी जमिनीपासून एक ते सव्वा मीटरच्या पट्ट्यात टाकू नका. उभ्या माणसाला ती दिसत पण नाही, बसलेल्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येते, दिवसभर खिडकीपाशी बसणाऱ्याला बाहेरचं झाड अर्धं कापलेलं. आमच्या ड्रॉइंगमध्ये ती पट्टी होती, आईनेच काढायला लावली.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही पण उत्तम खिडकी वाईट बसवली की पैसे पाण्यात. भिंत आणि चौकटीमधली फट पीयू फोमने पूर्ण खोली भरली पाहिजे, नुसतं बाहेरून सिलिकॉन ओढून वरवरचं काम करणारे पुष्कळ. सिलिकॉन लावायच्या आधी फोमची गोल दोरी घालतात, ती घालतायत का बघा. खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं कुणी सिलिकॉनने बुजवत असेल तर ओरडा. डबल काचेच्या आत, दोन काचांच्या मधे, धुकं दिसायला लागलं तर कडेचं सील गेलं, ते पुसून जात नाही, ते युनिटच बदलावं लागतं, त्यामुळे काचेची वॉरंटी चौकटीपासून वेगळी लिहून घ्या.

इन्सुलेशनमध्ये पहिला पैसा छताला. लोक छत तापलेलं ठेवून महागड्या काचा लावतात, आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबची यू व्हॅल्यू साधारण ४ धरा, वर ५० मिमी एक्सपीएस घातलं की ०.६ च्या आसपास येते, १०० मिमीला ०.३. म्हणजे पहिल्या ५० मिमीने बहुतेक काम केलं, पुढच्या ५० ने उरलेल्यातलं अर्धं. आपल्या हवामानाप्रमाणे ठरवा. एक्सपीएस का, तर त्याच्या पेशी बंद असतात, पाणी फार पीत नाही, म्हणून वॉटरप्रूफिंगच्या वर घालता येतं आणि वॉटरप्रूफिंगलाच उन्हापासून संरक्षण मिळतं. साधं पांढरं थर्माकोल भिंतीला चालतं, ओल्या छतावर नको. एक्सपीएस उन्हात उघडं ठेवू नका, पिवळं पडून भुगा होतो, आणि सॉल्व्हंटवालं चिकटवायचं लावू नका, ते फोम अक्षरशः खातं, आमच्याकडे एका शीटला खड्डे पडलेले मी बघितले आणि काम थांबवलं.

भिंतीला बाहेरून करता आलं तर बाहेरूनच, कारण आतून केलं की खोली लहान होते आणि व्हीलचेअर वळायला लागणारी दीड मीटरची जागा खाल्ली जाते. हे आतून पॅनल विकणारे सांगत नाहीत. बाहेरून करताना इन्सुलेशन खिडकीच्या चौकटीवर थोडं चढवून घ्या, नाहीतर खिडकीच्या भोवतीची भिंत उघडी राहून तिथूनच उष्णता पळते. उंच इमारत असेल तर मी रॉकवूलच (दगडी तंतूंचं इन्सुलेशन) म्हणेन, ते जळत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला ७२ माणसं गेली, पॉलिथिलीन या प्लास्टिकच्या गाभ्याचं क्लॅडिंग (भिंतीवरचं बाहेरचं आवरण) हे आग पसरायचं मुख्य कारण होतं आणि मागच्या फोम इन्सुलेशनने त्यात भर घातली. ज्या इमारतीत जिन्याने पळता न येणारी माणसं राहतात तिथे पातळ पॅनलच्या मोहापायी आगीचं सर्टिफिकेट न बघता फोम लावणं मला पटत नाही.

आता फॉइल. चंदेरी कागद उष्णता परावर्तित करतो हे खरंच आहे, पण त्याच्या समोर हवेची मोकळी पोकळी असेल तरच. प्लास्टर आणि पॅनलच्या मधे दाबून चिकटवला की तो परावर्तन कुणाला करणार? तो मग एक अतिपातळ अॅल्युमिनियमचा पत्रा आहे, बस. आमच्या दारात आलेला विक्रेता दिव्यासमोर फॉइल धरून हात लावायला सांगत होता, दिव्यासमोर मोकळी हवा असते, भिंतीत नसते, एवढंच त्याला विचारलं तर विषय बदलला.

एवढं सगळं हवाबंद केल्यावर घर कोंदट होणार हे गृहीत धरा. डार्मश्टाटला १९९१ मध्ये पहिलं पॅसिव्ह हाउस (फार कमी ऊर्जेत चालणारं हवाबंद घर) बांधलं तेव्हापासून त्यात उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेशन आहे ते उगाच नाही. आम्ही छोटं मशीन लावलं, फिल्टर मात्र छताजवळ असल्यामुळे स्टूल लागतं, म्हणून त्याला एक स्टार कमी.

राहिलं डोअर क्लोजरचं, म्हणजे दार आपोआप लावणाऱ्या यंत्राचं. हवाबंद दाराला सील दाबायला जोर लागतो म्हणून बसवणारा क्लोजरची ताकद वाढवून ठेवतो आणि मग ते दार खुर्चीतल्या माणसाला उघडतच नाही. एडीएत आतल्या दाराला २२ न्यूटनच्या वर जोर नको, म्हणजे स्प्रिंगच्या काट्यावर हँडलपाशी ओढून सव्वादोन किलोच्या आसपास, आणि ९० अंशापासून १२ अंशापर्यंत यायला निदान ५ सेकंद. डिलेड अॅक्शनवालं घ्या, ते आधी थांबतं आणि मग बंद होतं. सील नीट दाबलं जात नसेल तर सगळा वेग वाढवू नका, शेवटच्या टप्प्याचा, लॅचिंगचा व्हॉल्व वेगळा असतो, तो थोडा थोडा फिरवा. थंडीत आतलं तेल घट्ट होऊन दार हळू होतं, तेव्हा परत जुळवावं लागतं. फक्त तो व्हॉल्व एकदम पूर्ण बाहेर काढू नका, तेल लादीवर येतं आणि मग नवीन क्लोजरच आणावा लागतो.